पहिल्या पॅनेलचा ताप

"ताप बघायला येणार म्हणे! ताप पोराबाळांना येतो. पॅनेलला कसला ताप? उद्या म्हणतील, पोट बिघडलंय, पेज पाजा."

तिसऱ्या ओळीतल्या पॅनेलखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले होते आणि बोलणं त्या पायांच्या पलीकडून येत होतं. सुनंदा कॉफीचा पेला घेऊन गच्चीवर आली होती, ती तिथंच थबकली. आपलं कुणी ऐकत नाही असं समजून माणूस जे बोलतो तेवढंच खरं धरावं, असं साठ मुलींची मेस चालवून चालवून तिचं मत झालं होतं.

"आणि येणार कुठनं, तर इंदिरानगरातनं. एसीत बसून सूर्याचा धंदा करतात ही माणसं!"

"अण्णा, कॉफी निवतेय," ती म्हणाली.

पाय दचकले. मग विठोजी अण्णा पाठीवर सरपटत बाहेर आले. भुवईला कोळिष्टक, हातात पाना, वय त्रेसष्ट.

"कधी आलीस अक्का?"

"पेज पाजायच्या वेळी."

अण्णांनी पेला घेतला आणि तोंड पेल्यात घातलं. बोलण्यासारखं काही नसलं की ते कॉफी फार सावकाश प्यायचे.

हे मुलींचं हॉस्टेल बेंगळुरूच्या चामराजपेटेत, बाजाराच्या इतकं जवळ की सकाळी बसचे हॉर्न आणि शेवंतीचा वास एकाच खिडकीतून आत यायचा. ज्यांचे वाडवडील साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे आले आणि घोडे म्हातारे झाल्यावर इथलेच होऊन राहिले, अशा मराठी घरांचा एक ट्रस्ट ते चालवत होता. पंधरा वर्षांपूर्वी, वीज दिवसातून चार-चारदा जायची तेव्हा, ट्रस्टनं मोठं धाडस करून गच्चीवर सौर पॅनेल बसवले. अकरा ओळी, एका ओळीत सोळा. पेठेतली माणसं तेव्हा जिना चढून बघायला यायची आणि चपला काढून बघायची. बसवणारी कंपनी दोन वर्षांत कुठं गेली कुणास ठाऊक, तिचा फोनच लागेना. पण अण्णा होते. हॉस्टेलचे वायरमन, चौथी पास. त्यांनी कंपनीचं इंग्रजी पुस्तक एका मुलीकडून वाचून घेतलं, दुसरीकडून त्याचं कानडी करून घेतलं, आणि जे दोघींनाही कळलं नाही ते हातानं चाचपून शिकले. घरी बनशंकरीला बायको, मुलगा, सून, मोठा टीव्ही, सगळं होतं. तिथं ते जेवायला आणि झोपायला जायचे. राहायचे इथं, गच्चीवर.

गेली चार वर्षं मात्र प्लांट थकत चालला होता. पूर्वी भर दुपारी सूर्य एकटा अख्खं हॉस्टेल ओढायचा. पाण्याचा पंप, इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, वाचनखोलीतले बारा पंखे. आता निम्म्यावरच दम टाकायचा. ट्रस्टचे सेक्रेटरी पद्मनाभराव म्हणाले, जुना प्लांट नवा करून घेऊ. त्यासाठी इंदिरानगरची एक नवी कंपनी आज आपली इंजिनीअर मुलगी पॅनेल तपासायला पाठवणार होती. "वय झालंय," असं ते पॅनेलकडे बघत म्हणायचे. मग त्यांची नजर तिथून घसरायची आणि अण्णांच्या पांढऱ्या केसांवर येऊन थांबायची. नव्या झालेल्या प्लांटची देखभाल अण्णांनीच करायची की कंपनीच्या माणसांनी, याचा निकाल रविवारच्या सभेत लागणार होता. साध्या शब्दांत सांगायचं तर गच्चीची किल्ली कुणाकडे राहणार, हा प्रश्न होता. ती किल्ली पंधरा वर्षं अण्णांच्या कमरेच्या पट्ट्याला होती. बसताना टोचायची, तरी त्यांनी कधी दुसरीकडे ठेवली नाही.

"ती मुलगी काय लिहून देते, त्यावर आहे सगळं," सुनंदा म्हणाली.

"देऊ दे की," अण्णा म्हणाले. "माझे पॅनेल खोटं बोलत नाहीत."

*

ताप बघणारी आली ती दहाच्या सुमारास, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडून आणि हरून. तिचं नाव शाल्मली. नागपूरची, वय सत्तावीस असेल-नसेल, पाठीवर एवढी मोठी पिशवी की जिन्यात ती आधी आणि पोरगी मागून यावी.

"नमस्कार काका!"

"काका नको. अण्णा म्हण. काका म्हटलं की मी म्हातारा होतो."

"आणि अण्णा म्हटलं की?"

"वायरमन होतो."

शाल्मली हसली, आणि मग कामाला लागली ती अशी लागली की सुनंदा चुलीवरची आमटी कामवाल्या मुलीवर सोडून वरच थांबली. ही मुलगी नुसती लांबून बघणारी नव्हती. ती ओळीखाली शिरली, गुडघ्यांवर रांगली, टॉर्च दातांत धरून वायरी तपासल्या, पाण्याच्या टाकीवर चढून वरून बघितलं. तिच्या निळ्या पँटचे गुडघे काळे झाले तरी तिला पत्ता नाही. सुनंदाला वाटलं, एसीत बसणारी असेल, पण एसीला ही पोरगी फारशी सापडत नसावी.

अण्णा हाताची घडी घालून उभे होते. खोट काढायला आलेल्या माणसासमोर माणूस उभा राहतो तसे. पण अर्धा तास झाला तरी खोट येईना. उलट पोरगी गप्प गप्प होत चालली.

"अण्णा, या वायरींवर हा पाईप कशाचा?"

"बागेतला जुना पाईप. उभा चिरून घातला. खारी कुरतडायच्या."

"आणि नटखाली हे रबर?"

"सायकलची ट्यूब. स्वल्प बारीक कापून. नाही तर लोखंड लोखंडाला खातं."

"आणि ओळी इतक्या सरळ कशा? मी मोजलं. बोटभरसुद्धा फरक नाही."

"दोरी," अण्णा म्हणाले, आणि आता त्यांची घडी जरा सैल झाली. "कंपनीनं वाकड्या बसवल्या होत्या. मी नंतर सोडून परत बसवल्या. सकाळी सात-दहाला ये एकदा. ऊन पहिल्या ओळीवर पडतं ते अकरावीपर्यंत एका रेघेत जातं. लायनीत उभ्या राहिलेल्या मुली एकदम हसाव्या, तसं दिसतं."

शाल्मलीनं पाठ सरळ केली. "मी एवढे जुने प्लांट बघितले, अण्णा, पण गंजका नट न बघता कधी घरी गेली नाही. इथं सकाळपासून शोधून राहिली, सापडूनच नाही राहिला."

"आठव्या ओळीत एक आहे," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले. "माकडानं खेचला होता. बाजारातनं नवीन आणला, तो गंजका निघाला."

मग तिनं एकेक पॅनेल यंत्राला जोडून मोजले. कारखान्यातून निघाला तेव्हा शंभर धरला, तर आज अठ्ठ्याऐंशी. दुसरा सत्त्याऐंशी. तिसरा परत अठ्ठ्याऐंशी. तिनं यंत्रच बिघडलं असेल म्हणून एकदा बंद करून चालू केलं. पंधरा वर्षं बेंगळुरूची धूळ, बाजारातली कबुतरं आणि ऊन खाऊन असा आकडा देणारे पॅनेल ऑफिसात सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं ती म्हणाली. धुता कसे, म्हणून तिनं विचारलं. अण्णांनी सांगितलं: पंधरवड्याला एकदा, सूर्य यायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. पाणी पावसाचं साठवलेलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. आणि फडकं म्हणजे अक्काच्या जुन्या सुती साड्या, कारण नव्या कापडात खळ असते.

"काकू, तुमच्या साड्या?"

"नेसून विरल्या की त्यांना हे काम," सुनंदा म्हणाली. "मी काढले नसतील इतके उन्हाळे-पावसाळे त्यांनी इथं काढलेत."

बारा वाजता ऊन डोक्यावर आलं तेव्हा शाल्मलीनं पिशवीतून तो ताप बघायचा कॅमेरा काढला. त्याच्या पडद्यावर गार ते निळं दिसायचं आणि तापलेलं पिवळं, फारच तापलेलं ते पांढरं. ती, अण्णा आणि सुनंदा, तिघांची डोकी त्या पाटीएवढ्या पडद्यावर एकत्र आली.

सगळ्या ओळी निळ्या-जांभळ्या, थंड, समजूतदार. आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या पॅनेलवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, एक पांढराशुभ्र ठिपका. अकरा ओळी, अकरा ठिपके.

"असं कसं?" शाल्मली स्वतःशीच म्हणाली. "एकाच जागी? झाड नाही, सावली नाही..."

सुनंदाला कोपरा कळला. तिच्या डोक्याच्या आधी तिच्या उजव्या हाताला कळला, आणि तो आपणहून पदराआड गेला.

शाल्मली पहिल्या पॅनेलपाशी जाऊन वाकली. कोपऱ्यात एक टिळा होता. पुरीएवढा, जाड, वर लाल, कडेला काळपट, धूळ पिऊन घट्ट झालेला.

"हे...?"

"आयुधपूजेचं," अण्णा म्हणाले.

यात नवल काही नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी या शहरात बसला कुंकू लागतं, रिक्षाला लागतं, लेथला आणि झेरॉक्सच्या मशीनला लागतं, लाल केलेला कोहळा रस्त्यावर फुटतो. "आमच्या ऑफिसात लॅपटॉपला पण लावतात," शाल्मली म्हणाली. तिनं हसून बघितलं, पण कुणी हसलं नाही. मग तिनं आवाज खाली आणला आणि पॅनेलकडेच बघत समजावून सांगितलं. पॅनेलमधल्या चौकटी एकीला एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली बसली की ती वीज करायची सोडून दुसऱ्यांची वीज खाते आणि तापते. तशी वेळ आली तर विजेला वळसा घालून पुढं जाता यावं म्हणून पॅनेलच्या पाठीवरच्या डबीत एक लहानसा भाग बसवलेला असतो. तो वर्षानुवर्षं राबून जळालेला. वळसा बंद, आणि मागची अख्खी ओळ अडलेली.

"परीक्षेच्या दिवशी पहिल्याच पायरीवर एक मुलगी वही उघडून बसली, की जिन्यात सगळ्या अडतात ना, काकू, तसं. बाकीच्या एकशे पासष्टांना काहीसुद्धा झालेलं नाही. फक्त हे अकरा..."

तिनं मान वर केली आणि सुनंदाचा चेहरा बघितला. वाक्य तिथंच राहिलं. हे कोण लावतं, असं तिनं विचारलं नाही. कुठल्या घरात कुठला प्रश्न विचारायचा नाही, ते पोरीला यंत्राशिवाय मोजता येत होतं.

"जेवायला चला," सुनंदा म्हणाली. "बिसी बेळे भात निवला की त्याचा सिमेंट होतो."

*

जेवणं आटोपली, शाल्मली गेली, आणि सुनंदा भांडी लावत बसली. भांडी लावताना माणसाला मागचं आठवू नये अशी काही सोय अजून निघालेली नाही.

तिचा नवरा या हॉस्टेलचा क्लार्क होता. स्कूटरवरून पडला आणि गेला. ती तेव्हा पस्तिशीची. ट्रस्टनं तिला स्वयंपाकघर दिलं, खालची एक खोली दिली, आणि तिनं मान खाली घालून दोन्ही घेतलं. त्यानंतर दोन वर्षांनी पॅनेल बसले आणि गच्चीवर पहिली आयुधपूजा झाली. सगळ्या बायका तबकं घेऊन पुढं. सुनंदा फुलांची परडी घेऊन जिन्याच्या दारात. पद्मनाभरावांच्या आई अंबुबाई सगळ्यांत वडील. त्यांनी तिच्याकडे वळून म्हटलं, "तू नको गं. दुसरी कुणी लावेल." दुष्टपणानं नव्हे. आमटीत मीठ पुरे, असं म्हणावं इतक्या साधेपणानं. म्हणून तर ते आत रुतलं.

तेव्हा अण्णा पुढं झाले. त्यांनी कुंकवाचा करंडा एका बाईच्या हातातून काढून घेतला, दारापर्यंत आले आणि सुनंदापुढं धरला. म्हणाले, "मशीन माझं आहे. माझ्या मशीनला अक्काच्या हातचं लागणार. दुसऱ्या कुणाचं लागणार नाही." कमरेला किल्ली होती. बायका बाजूला सरल्या. सुनंदानं अकरा ओळींच्या अकरा पहिल्या पॅनेलांना, वाकल्यावर हात पोचेल त्या कोपऱ्यात, रुपयाएवढं कुंकू लावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं बोट लाल झालं होतं. त्या दिवशी तिनं संध्याकाळपर्यंत ते धुतलं नाही, कणीकसुद्धा डाव्या हातानं मळली.

पण दुपारीच पाऊस आला आणि अकराच्या अकरा टिळे वाहून गेले. अंबुबाईंनी आभाळाकडे बघून नुसती मान हलवली. ते म्हणण्यापेक्षा जास्त होतं.

दुसऱ्या वर्षी सुनंदानं कुंकू एरंडेलात कालवलं. त्यात भक्ती किती होती ते देव जाणे. हट्ट पुरेपूर होता. बघू आता कुठला पाऊस धुतो! पाऊस हरला. टिळे वर्षभर टिकले. दर वर्षी जुन्यावर नवा, रुपयाचा बत्तासा झाला, बत्ताशाची पुरी झाली. आणि पंधरवड्याला एकशे शहात्तर पॅनेल आरशासारखे पुसणारे अण्णा अकरा ठिकाणी फडकं वळसा घालून न्यायचे. विरलेली साडी तिची, वळसा त्यांचा. तिनं कितीदा ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि मनात सुखावली होती.

शेवटचं पातेलं तिनं तसंच ठेवलं आणि जिना चढून वर गेली. ऊन कलायला लागलं होतं. पहिल्या पॅनेलपाशी बसून तिनं टिळ्याच्या कडेला नख घातलं. एक खपली निघाली. खाली काचेच्या आत तपकिरी डाग होता, पोळी करपावी तसा.

"पुसू नको."

अण्णा मागं उभे होते.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"काय?"

"अण्णा."

"पॅनेल जुने झाले, अक्का. वय होतं सगळ्यांचं."

ती उठली आणि तिनं त्यांचा उजवा हात धरून पालथ्याचा उताणा केला. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, गुळगुळीत वण होता. दोन वर्षांपूर्वी तिथं टरटरून फोड आला होता. कुकरची वाफ लागली, असं त्यांनी सांगितलं होतं. तिनं मध लावला होता आणि बायकांच्या कामात हात घालता कशाला म्हणून वर चार शब्दही सुनावले होते. पंधरा वर्षांत या माणसानं कुकरच्या शिटीला हात लावलेला नाही, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पॅनेलच्या पाठीला हात लावला होता. याच कोपऱ्याला."

"गोत्तिल्ला. आठवत नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

अण्णांनी हात सोडवून घेतला. बाजाराच्या बाजूला, जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं, तिकडं बघत ते म्हणाले, "काय सांगू? तू लावू नको म्हणून? ते एकदा तुला सांगून झालं होतं, अक्का. कुणीतरी सांगितलं होतं. मी दुसऱ्यांदा सांगणार नव्हतो."

इतका शहाणा माणूस आणि इतका वेडा! स्वतःचं पोटचं लेकरू असावं असा प्लांट, तो डोळ्यांदेखत करपताना बघितला, हात भाजून घेतला, पण तिच्या बोटाचं कुंकू पुसलं नाही. सुनंदाला काहीतरी म्हणायचं होतं. ती म्हणाली, "कॉफी आणते."

*

रविवारी अकराला सभा. जेवणघरातली बाकं भिंतीला लावून ट्रस्टची नऊ माणसं गोलात बसली. मधोमध वेताच्या खुर्चीत अंबुबाई, ऐंशी पार केलेल्या, नाकात हिऱ्याची चमकी, कान अजून तिखट. अण्णा दाराजवळ उभे. शाल्मली पांढरा सदरा घालून आली होती आणि त्यात ती शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या मुलीसारखी दिसत होती.

बोलायला लागली तशी मात्र सगळी माणसं पुढं सरकली. सगळं उखडून भंगारात टाकायची काहीच गरज नाही, ती म्हणाली. सांगाडा, वायरिंग, एकशे पासष्ट पॅनेल, सगळं राहील. अकरा बदलायचे. जिन्यातलं ते गुरगुरणारं जुनं इन्व्हर्टरचं यंत्र जाईल आणि त्याच्या जागी नवं येईल. ते प्रत्येक ओळीवर वेगळी नजर ठेवतं आणि कुठली ओळ रुसली ते फोनवर कळवतं. दक्षिणेकडच्या मोकळ्या गच्चीवर तीस नवे पॅनेल बसतील. त्यांतला एक आताच्या दोनांना भारी आहे, वरून तर वीज करतोच, खालच्या पांढऱ्या फरशीवरून उडालेल्या उजेडाचीही करतो. सगळं मिळून हा प्लांट पहिल्या वर्षी होता त्याच्या सव्वापट चालेल.

"आणि एक सांगते," ती म्हणाली. "हे जमतं आहे ते फक्त जुनं काम इतकं सुंदर झालेलं आहे म्हणून. मी शिकून आली ते इथं परत शिकून चालली."

टाळ्या पडल्या. अण्णांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर कॉफीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सुनंदाला वाटलं, झालं. आता कुणी काही विचारू नये.

पद्मनाभरावांनी अहवालाचं पान उलटलं.

"कारणं. अकरा ओळींच्या पहिल्या पॅनेलांवर दीर्घकाळ साठलेला स्थानिक मळ." त्यांनी चष्मा काढला. "मळ?"

"सर, तो मळ म्हणजे... तसा नाही."

"मग कसा?"

शाल्मलीनं एकदा उंबरठ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "लोकल," ती म्हणाली.

तिनं तो शब्द चांगुलपणानं शोधला होता, हे सुनंदाला उमगलं. कुणाला लागू नये म्हणून गोल केलेला दगड. तो सुटला आणि नेमका अण्णांच्या कपाळावर बसला.

"म्हणजे धुणं नीट झालं नाही," पद्मनाभराव हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "विठोजी अण्णांचे उपकार आपण विसरणार नाही. पण नवी यंत्रं येणार. देखभाल कंपनीकडेच दिलेली बरी."

त्या गोलातल्या प्रत्येकानं दर वर्षी गच्चीवर येऊन ते टिळे बघितले होते, हात जोडले होते, कोशिंबिरीसकट प्रसाद खाल्ला होता. आता कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी घड्याळाकडे. एकजण आपल्या मोबाईलचं कव्हर काढून पुन्हा घालत होता. कुंकवाला दोष कोण देणार? आणि कुणाचं कुंकू, ते तोंडातून कोण काढणार?

अण्णा दोन पावलं पुढं आले. त्यांनी पट्ट्याची किल्ली सोडवली. पंधरा वर्षं एका जागी बसलेली, लवकर निघेना. मग निघाली, आणि त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "माझीच चूक. धुताना कोपरा राहून जायचा."

स्वतःच्या कामाबद्दल खोटं बोललेलं सुनंदानं त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. वाकड्या ओळी दोरी लावून सरळ करणारा माणूस, आठव्या ओळीतला एक गंजका नटसुद्धा न लपवणारा.

"वय झालं बिचाऱ्याचं," अंबुबाई म्हणाल्या.

सुनंदाच्या ध्यानात आलं, आपण पुन्हा दारातच उभ्या आहोत. त्या वेळी हातात परडी होती, आज ताट आहे, एवढाच काय तो फरक. आणि या खेपेला करंडा घेऊन दारापर्यंत कुणी येणार नव्हतं. जो आला होता तो किल्ली ठेवून खाली बघत उभा होता.

तिनं उंबरठा ओलांडला. ताट टेबलावर ठेवलं. किल्ली उचलली, आणि ती हातात असताना तिला बोलायला सोपं गेलं.

"तो मळ नाही," ती म्हणाली. "कुंकू आहे. मी लावलेलं. दर वर्षी जुन्यावर नवं. अण्णांनी कोपरा विसरून सोडला नाही. माझ्या मनाला लागू नये म्हणून सोडला. त्यांचा हात भाजला तरी सोडला. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

शाल्मलीनं मान वर केली. पद्मनाभरावांचा चष्मा हातातच राहिला. अंबुबाईंची हनुवटी सावकाश वर आली, ओठ उघडले. त्या ओठांवर पंधरा वर्षांपासून कुठलं वाक्य तयार आहे, ते सुनंदाला पाठ होतं. म्हणून ते तिनंच आधी म्हटलं.

"आणि अंबुबाई, विधवेचा हात लागला म्हणून नाही जळाले ते पॅनेल. एरंडेलात कालवून लावलं, म्हणून जळाले. यंदा पाण्यात कालवीन."